जावईबापूंच्या अंगाचा वास

तीर्थरूप आक्कास,

गुडघे परवानगी देतील तितका वाकून नमस्कार. (पूर्ण वाकलो असतो तर हे पत्र जमिनीवर बसूनच लिहावं लागलं असतं.) तुझी कंबर कशी आहे? शेकतेस ना, की शेकायची पिशवी अजून कपाटातच आहे? माझी तब्येत उत्तम. भूक लागते, झोप लागते, संशय येतो. एकूण सगळं सुरळीत चालू आहे.

धाकट्या लेकीकडे मी आलो तो डोळ्याच्या ऑपरेशननंतर आराम करायला. पण ज्या माणसाने सगळी नोकरी औषध कंपनीच्या गोदामात आलेला माल तपासण्यात घालवली, त्याला स्वच्छ दिसायला लागलं तर तो आराम कसला करणार? आलो त्याच संध्याकाळी जावईबापू कामावरून घरी आले, माझ्याशेजारी बसून डोळ्याची चौकशी करू लागले, आणि मला वास आला. स्पिरिटचा. (गोदामात मी झाकण न उघडता पिंपात काय आहे ते सांगायचो, हे तुला माहीत आहे. तू त्याला फुशारकी म्हणतेस, ते सोड.) मी धाकटीला आडून विचारलं, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "बाबा, त्याला एकच नाद आहे, तेवढा करू दे की." आता मला सांग, लेकीच्या तोंडचा 'नाद' हा शब्द ऐकून कुठल्या बापाला घास गिळवेल?

त्यानंतर मी कान उघडे ठेवले. जावईबापू जिन्यात उभे राहून कुणा 'ट्यूनर'शी फोनवर बोलायचे. ट्यूनर म्हणजे वाद्यांच्या तारा जुळवणारा, अशी माझी समजूत. आणि वाद्यवाल्यांची संगत कुठे नेते याबद्दल माझी मतं तुला ठाऊक आहेत. बोलणं असं: "तीसवर काय मजा आली! पण साठवर नेलं की सकाळी उठतच नाही रे. ढकलावं लागतं." आक्का, ऐकलंस? धाकटी बिचारी रोज सकाळी या माणसाला ढकलून उठवते आणि वर त्याचीच बाजू घेते!

पुढचं मी प्रत्यक्ष पाहिलं. घराखालच्या गॅरेजला मागे एक खिडकी आहे. (मी पाळत ठेवत नव्हतो. हवा खायला उभा होतो.) जावईबापूंनी डब्यातून काचेच्या उभ्या नळीत काहीतरी ओतलं, त्यात मापाने पाणी घातलं, अंगठा लावून हलवलं, उजेडाला धरलं आणि पाहता पाहता तोंडभर हसले. प्यायले मात्र नाहीत. पण मी म्हटलं, मी खिडकीत दिसलो असेन. तेव्हा दुपारी घर रिकामं असताना मी खाली गेलो, त्या डब्यातलं बरंचसं मोरीत ओतलं आणि उरलेल्यात तेवढंच पाणी भरलं. एकदम बंद केली तर माणूस बिथरतो, हळूहळू पातळ करावी, असा माझा विचार. पाणी त्यात असं मिसळलं की माझ्या नव्या डोळ्यालाही दिसेना. मी समाधानाने वर येऊन झोपलो.

रविवारी जावईबापू म्हणाले, "बाबा, चला, घाटात गाडीची चाचणी आहे." मी लगेच तयार. (बरोबर असलो तर हात आखडता घेतील, हा हेतू.) पुढे जावईबापू आणि तो ट्यूनर, मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपची वायर थेट गाडीच्या पोटात. मागे मी. रस्ताभर ट्यूनर मला समजावत होता की टर्बो नावाचा पंखा इंजिनात जास्त हवा कोंबतो, जास्त कोंबली की साधं पेट्रोल भलत्या वेळी पेटतं आणि इंजिन आतून ठोके द्यायला लागतं. इथेनॉल मिसळलं की ते थंड राहतं, पण मग इंधन जास्त सोडावं लागतं, आणि किती सोडायचं तेच तो लॅपटॉपवर ठरवतो. इथेनॉल म्हणजे काय, असं मी विचारलं. "अल्कोहोलच की, बाबा," तो म्हणाला. "गाडीला पाजायचं."

आक्का, गाडीला! सकाळी उठत नव्हती ती गाडी. तीसवर मजा आली ती इथेनॉलच्या तीस टक्क्यांवर. काचेच्या नळीत पाणी घालून तपासत होते ती त्याचीच शुद्धता. आणि तो डबा तासाभरापूर्वीच पेट्रोलच्या टाकीत ओतला होता आणि ओतताना डबा धरायला मीच मदत केली होती. तेवढ्यात चढावर गाडी खोकली, दोन गचके दिले आणि थांबली. मागे एक बस, बसमागे सगळी दुनिया, आणि प्रत्येकाचा हात हॉर्नवर.

गाडी बाजूला लोटून त्यांनी टाकीतला नमुना बाटलीत काढला. वर पेट्रोल, खाली पाणी, मध्ये स्वच्छ रेघ. स्पिरिटमध्ये गुपचूप राहिलेल्या पाण्याने पेट्रोल भेटताच फारकत घेतली होती. "पंपवाल्यांनी फसवलं," जावईबापू म्हणाले. मी बाटलीचं बूच शोधू लागलो. इथेनॉलचा डबा ज्या पंपावर भरला होता, त्याच पंपावर गाडी बांधून ओढत नेली. पंपाची मालकीण बाई खमकी. तिने सगळ्यांदेखत इथेनॉलच्या नळातून बाटली भरली, तपासून दाखवली. थेंबभर जास्तीचं पाणी नाही. म्हणाली, "माझ्याकडून निघालं तेव्हा चांगलं होतं. पुढचं तुमच्या डब्याला विचारा." मी डब्याकडे पाहायचं टाळलं.

मग ट्यूनरच्या वर्कशॉपमध्ये भांडण पेटलं. ट्यूनरला वाटलं, जावईबापूंनी दुसरीकडून हलका माल आणला आणि आता लपवतायत. जावईबापूंना वाटलं, वर्कशॉपमध्ये डबे नीट ठेवत नाहीत. शाळेपासूनचे दोस्त हे. पण "तू माझ्याशी खोटं बोलतोयस" इथवर आलं आणि ट्यूनरने लॅपटॉप मिटून गाडीची किल्ली टेबलावर सरकवली. "घेऊन जा तुझी गाडी," म्हणाला, आणि पाठ फिरवली. जावईबापूंचा चेहरा असा झाला की मला बघवेना.

"पाणी मी घातलं," मी म्हणालो.

"कशात?"

"डब्यात. तुमची सुटावी म्हणून."

"काय सुटावी?"

"दारू."

ट्यूनर हसत हसत टायरच्या ढिगावर कोसळला. जावईबापू मात्र हसले नाहीत. म्हणाले, "बाबा, मला विचारायचं होतंत की." आक्का, खरं सांगतो. पिंपांना कुणी विचारत नाही, त्यांना तपासतात. माणसाला विचारता येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांनी टाकी रिकामी केली, नळ्या धुतल्या. मी दिवा धरून उभा राहिलो. मालकीणबाईंची माफी मी स्वतः जाऊन मागितली. (तिने बसायला सांगितलं नाही, पण हाकललंही नाही.) पुढच्या खेपेला गाडी त्याच चढावर अशी सुटली की माझी पाठ सीटला आणि जीभ टाळ्याला चिकटली. आता प्रत्येक डबा मी तपासल्याशिवाय टाकीत जात नाही. जावईबापू म्हणतात, असा संशयी माणूस पैसे देऊनही मिळत नाही. एकंदरीत शेवट गोड झाला. मी सगळं प्रांजळपणे कबूल केल्यामुळे घरात माझा मानही वाढला आहे.

कंबरेला जप.

तुझा धाकटा,
आता कुणावरही संशय न घेणारा

ता. क. वर एक वाक्य लिहायचं राहिलं. "विचारायचं होतंत की" यानंतर जावईबापूंनी असंही विचारलं, की हे तुमच्या डोक्यात भरवलं कुणी? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आक्काने." तू थोरली. थोरल्यांना कुणी काही बोलत नाही. तेव्हा विषय निघाला तर फक्त "हो, मला तसं वाटलं होतं खरं" एवढं म्हण. जास्त खुलासा करू नकोस, तुला तो नीट जमत नाही.

ता. क. २. विषय निघणार आहे. आत्यांचा (म्हणजे तुझा) गैरसमज समोरासमोर दूर करायचा म्हणून ते सगळे उद्या तुझ्याकडे निघाले आहेत, त्याच गाडीने. फोन करावा तर मला स्पीकरशिवाय ऐकू येत नाही, आणि स्पीकर लावला की सगळं घर ऐकतं. टपाल वेळेवर पोचेल यावर माझा विश्वास नाही. म्हणून पत्र मीच घेऊन येतो आहे. दारात तुझा हात हातात घेईन तेव्हा पाकीट गुपचूप घे, आत जाऊन वाच, आणि तोवर जावईबापूंच्या कुठल्याही प्रश्नाला नुसतं खोकून उत्तर दे.