माझ्यासाठी पाळलेलं मौन

४ मार्च, मंगळवार
आज सकाळी रेडिओवर मी वारलो.
माझी बायको नोहेमी पुपुसा, म्हणजे सारण भरलेल्या मक्याच्या भाकऱ्या, थापत होती. तिचा हात थांबला. "आपल्या फुटबॉल संघाचा मधल्या फळीतला जुना खेळाडू एलिसेओ अर्गेता याचं काल निधन झालं." काल मी छपरावर पत्रा ठोकत होतो. खालच्या गावात माझ्याच नावाचा एक म्हातारा होता — तोच गेला असणार. त्याच्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही.
नोहेमी म्हणाली, "अहो, फोन करा त्यांना. सांगा, न्याहारीला बसलाय म्हणून."
म्हटलं, थांब जरा. माझ्या खेळाबद्दल बोलतायत.
चौदा वर्षं खेळलो. रेडिओवर माझं नाव यायचं ते सामन्यात एकदाच — "अर्गेता बाहेर."

५ मार्च
आमच्या हुकुआपात गल्लोगल्ली शवपेट्या बनतात. इथे मरणाची बातमी वाया जात नाही. समोरचे त्रान्सितोकाका संघाच्या हिरव्या रंगाची पेटी घेऊन दारात हजर. मीच दार उघडलं, तर जरा खट्टू झाले.
"मग हिचं काय करू आता? तुझ्या मापाची केलीय."
ठेवून गेले. नोहेमीने तिच्यात मका भरला.

६ मार्च
रेडिओवर आमच्या वेळच्या अंतिम सामन्याच्या आठवणी. म्हणे विजयी गोल मी डोक्याने मारला. साफ खोटं! गोल रुतिलिओचा, माझ्या धाकट्या भावाचा. पास माझा — तिघांच्या मधून, डाव्या पायाने. सामना संपल्यावर तो माइकपुढे म्हणाला, "चेंडू मीच हिसकावला." त्यावरून बोलणं तुटलं ते तुटलंच. पुढे तो ह्यूस्टनला गेला, तिकडेच संसार थाटला.
शेवटी रेडिओला फोन केलाच. जिवंत आहे हे सांगायला नाही — पासचं सांगायला.
"आपण कोण बोलताय?"
"घरचाच माणूस."

७ मार्च
संघाचा चिटणीस बेल्तरान आला. मला बघून दचकलाही नाही, घाबरला वेगळ्याच गोष्टीला.
"रविवारी सामन्याआधी तुझ्यासाठी मौन आहे. सगळी तिकिटं गेलीत. सोमवारी खुशाल जिवंत हो, पण तोवर दम धर."
कबूल केलं. माझ्या नावावर मैदान कधी भरलं नव्हतं.
नोहेमीने माझं ताट आपटूनच ठेवलं.

९ मार्च, रविवार
गवती टोपी, काळा चष्मा. शेवटच्या रांगेत बसलो. शिट्टी झाली आणि सगळं मैदान उठलं. शेंगदाणेवालीसुद्धा गप्प. मीही उठलो — बसून राहिलो असतो तर बरं दिसलं नसतं. शेजारचा कुजबुजला, "खेळ आठवत नाही, पण माणूस बरा होता."
तेवढ्यात खालच्या रांगेतून हुंदका. एवढ्या उन्हात काळा कोट, डोक्यावर एक केस नाही. पाठीवरूनच ओळखलं. रुतिलिओ.
खाली उतरलो. चष्मा काढला. त्याने आधी छातीवर क्रुसाची खूण केली, मग माझी कॉलर धरली.
"मेलास म्हणून आलो ना रे, गाढवा."
मी काय विचारावं? "तो पास कुणाचा होता?"
"तुझाच. सगळ्यांना माहीत होतं. मलाच तोंडाने म्हणवलं नाही."
दोघं रडायला लागलो. लोक आमच्यावर खेकसले — मौनाचं मिनिट अजून संपलं नव्हतं.

१० मार्च
रुतिलिओ चार पुपुसा खाऊन झोपला. नोहेमीने परतीचं विमान कधी म्हणून विचारलं, तर म्हणाला, "बघू. सुट्टी आहे." बेल्तरानने रेडिओवर मला जिवंत जाहीर केलं. त्यानंतर माझ्या खेळाबद्दल कुणी बोललं नाही.

१२ मार्च
रुतिलिओ नदीवर गेला होता तेव्हा त्याच्या बायकोचा ह्यूस्टनहून फोन आला. इतकी वर्षं तो तिकडे परवान्याच्या कागदांशिवाय राहत होता. एकदा देशाबाहेर पडला की परत आत घेणार नाहीत. विमानात बसताना त्याला हे ठाऊक होतं. मुली विचारतायत, बाबा कधी येणार.