एका मुळ्याचं गाणं

नुमासावा, मियागी
५ सप्टेंबर १९७४

चि. तोकुजी भावोजींस,
हात्सुएचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुमची सात खोकी पोचली. मी एक तबकडी वाजेल एवढी पेटी मागितली होती, तुम्ही जहाज पाठवलंत. स्टेशनमास्तरने विचारलं की म्हातारे, दवाखाना काढतेस काय.

मला काय हवंय ते पुन्हा लिहिते. तीन नोव्हेंबरला आपल्या सायोचं लग्न. आपल्याकडे नवरीच्या सामानाची पेटी उचलली की घरातला आजा गातो आणि उचलणारे त्याच्या तालावर पावलं टाकतात. तुमच्या भावाने अर्ध्या गावाच्या नाती वाटेला लावल्या. स्वतःच्या नातीची वेळ येईस्तोवर काही टिकणार नाही हे कळलं, तेव्हा सेंदाईला जाऊन ते गाणं एकाच तबकडीत भरून आला. मला सांगितलंसुद्धा नाही. वर्षापूर्वी गेल्यावर कपाटात सापडली, माझ्याच किमोनोच्या जुन्या कमरपट्ट्यात, ओबीत गुंडाळलेली. अजून कोणी ऐकलेली नाही. शेजारणीकडे पोरांचा प्लेअर आहे, त्यावर लावू का?

लोभ आहे, तो या खोक्यांमुळे कमी झालेला नाही, अजून तरी.

तुमची वहिनी
हात्सुए

*

ओसाका
९ सप्टेंबर

ती. हात्सुए वहिनींस,
तोकुजीचा सा. न. वि. वि.

पाया पडतो, शेजारणीच्या प्लेअरवर लावू नका! ती कारखान्यात छापलेली तबकडी नव्हे, मऊ लाखेची आहे. ते खेळणं तिच्यावर नांगर फिरवील. चांगल्या हलक्या सुईनेसुद्धा तीस-चाळीसदा वाजवली की आवाज झिजतो. दादाचा आवाज तेवढाच उरलाय.

म्हणून तर एवढं पाठवलं. नुसत्या महागड्या वस्तू आणून होत नाही वहिनी, त्यांचं एकमेकांशी पटावं लागतं. तीन आठवडे मी माझ्या खोलीत त्यांची स्थळं जुळवली. हे स्पीकर थोड्या शक्तीत मोकळे गातात, म्हणून त्यांना व्हॉल्व्हचा सौम्य अँप्लिफायर दिला. सुई हलकी, म्हणून दांडाही हलका. एक जरी उजवा-डावा झाला तरी संसार बिघडतो. माझी बायको म्हणते की मुलीच्या स्थळासाठी मी याच्या निम्मंही बघितलं नव्हतं. सोबत जोडणीची चित्रं काढून दिलीत. स्पीकर तातामीच्या चटईवर ठेवू नका, खाली दगड द्या.

आपला लोभ आजवर होता तसाच राहो.

आपला धाकटा दीर
तोकुजी

*

नुमासावा
२० सप्टेंबर

चि. तोकुजी भावोजींस, अ. आ. वि. वि.

दगड म्हणून लोणच्याच्या पिंपावरचे दोन धोंडे काढून दिले, त्यामुळे कोबी वर आलाय. सायोने तारा जोडल्या. तुमचा सौम्य अँप्लिफायर इतका तापतो की मांजर त्याच्यापाशीच राहायला गेलंय.

तबकडी लावली. भावोजी, हा कोण माणूस आहे? तुमचा भाऊ गायला लागला की डोंगरावरच्या बकऱ्या उत्तर द्यायच्या. हा तर भरल्या पोटाचा भटजी मंत्र म्हणतोय. गाणंही असं रेंगाळतं की पेटी उचलणारे वाटेतच बसतील. नवरी निघाली की मयत निघाली, सासरच्यांना कळायचं नाही. सायो म्हणते की आजोबांचा आवाज छान भारदस्त होता. तिला काय आठवणार, ती अकराव्या वर्षापासून बोर्डिंगात. लग्नात हेच वाजलं तर तिच्या जन्माला हाच आजा चिकटेल. ते मला चालणार नाही.

जोडी कुठे चुकली ते बघा. माझा लोभ धरून ठेवा, मीही धरून ठेवलाय.

हात्सुए

*

ओसाका
२६ सप्टेंबर

ती. वहिनींस, सा. न. वि. वि.

रागावू नका. तुमच्या कानांना चाळीस वर्षं स्वयंपाकघरातल्या रेडिओची सवय. त्यातून हत्तीसुद्धा डासासारखा ऐकू येतो. चांगल्या यंत्रात प्रथमच छाती ऐकू येते. दादाला छाती होती वहिनी, तुम्ही लक्ष दिलं नसेल. त्यातून माणूस गेल्यावर मन हळवं होतं, ओळखीचाही परका वाटतो.

तरी शंका नको. आवाज पातळ करणारी दुसरी सुई, जाड तारा आणि स्पीकरखाली ठेवायला चेरीच्या लाकडाचे ठोकळे पाठवतोय. धोंडे कोबीला परत करा.

माया पातळ होऊ देऊ नका.

तोकुजी

*

नुमासावा
८ ऑक्टोबर

चि. तोकुजी भावोजींस, अ. आ.

माझं मन हळवं झालेलं नाही. ते कधी होतं तेही मला आठवत नाही. आणि त्या माणसाच्या छातीला चाळीस वर्षं मोहरीचा लेप मी लावला. तिथे काय होतं ते मला सांगू नका.

तुमचे ठोकळे लावले, तारा लावल्या, सुई बदलली. भटजी तोच.

आता नीट वाचा. तो रोज संध्याकाळी अंगणातल्या आंघोळीच्या गरम हौदात बसून हेच गाणं म्हणायचा आणि मी आत मुळा चिरायची. गाणं सुरू झालं की सुरी लावायची, गाणं संपलं की मुळा संपलेला. चाळीस वर्षांत चुकलं नाही. काल तबकडी लावली आणि मुळा घेतला. मुळा संपला, बाबा गातोच आहे. दुसरा घेतला, त्याचा पाचवा हिस्सा चिरला तेव्हा कुठे थांबला. लाख झिजू नये म्हणून मी लगेच सुई उचलते. आज पुन्हा केलं. एक मुळा आणि वर पाचवा हिस्सा. माझे कान म्हातारे झाले असतील, सुरी नाही झालेली.

सोळा वेळा वाजून झाली. आता तुमच्या प्रयोगांसाठी मी त्याला झिजवणार नाही. वीस तारखेपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर पलीकडचा गोन्पेई गाईल. तो बेसूर आहे, पण जिवंत आहे.

लोभ किती ठेवायचा ते उत्तर बघून ठरवीन.

हात्सुए

*

ओसाका
१२ ऑक्टोबर, जलद टपाल

ती. वहिनींस, शि. सा. न.

पत्र वाचलं आणि चूक कळली. आमच्या ओसाकाची वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, तुमच्या पूर्वेकडची पन्नास. प्लेअरची मोटर त्या हेलकाव्यांवर चालते. मी जन्माने तिकडचा, तीस वर्षं हाच धंदा करतोय, आणि इथलं साठचं चाक घालून यंत्र तिकडे पाठवलं! सगळ्यांच्या जोड्या जुळवल्या, भिंतीतल्या विजेशी जुळवायची राहिली. तुमच्याकडे दादा सहात एक भाग हळू फिरत होता, म्हणून आवाज जाड आणि गाणं लांब. तुमचा मुळा बरोबर आहे.

सोबत पन्नासचं पितळी चाक आहे, पहिल्यापेक्षा जाड. पट्टा काढा, जुनं उपसा, हे बसवा. छातीबद्दल लिहिलेलं फाडून टाका. दुकानात कोणाला सांगू नका.

लोभाची आशा ठेवायला तोंड नाही, तरी ठेवतो.

तोकुजी

*

नुमासावा
६ नोव्हेंबर

चि. तोकुजी भावोजींस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या मुलीला ताप असताना तुम्ही लग्नाला आला नाहीत हे बरोबरच केलंत, म्हणून इथलं सगळं लिहिते.

चाक मीच बसवलं. शिवणयंत्राहून सोपं आहे. लावलं आणि पहिल्याच ओळीला बकरा. सायो घाबरली, म्हणाली की बिघडलं. मी म्हटलं की नाही गं, आता दुरुस्त झालं, तुझा आजा असाच होता. ती इतकी हसली की खाली बसली, आणि मग रडली. मी मुळा संपवला.

लग्नाच्या दिवशी सरकती दारं काढून स्पीकर अंगणाकडे तोंड करून ठेवले. पेटी उचलली, हा किंचाळायला लागला, आणि माणसांची पावलं बरोबर पडली. शेवटच्या ओळीला पेटी ट्रकपाशी आणि सायो फाटकात. मी मात्र स्वयंपाकघरात होते. ऐंशी पानं वाढायची, गाणं सुरू झालं तसा हात आपोआप मुळ्याकडे गेला. सुई उचलायला कोणीच नव्हतं.

तर गाणं संपल्यावर जरा वेळ नुसती खरखर, आणि मग हा बोलला. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला विचारत होता की झालं का. आणि म्हणाला की झालंच असणार, घरी हात्सुएचा मुळाही आता संपला असेल. सगळ्या पाहुण्यांसमोर, एवढ्या मोठ्या स्पीकरमधून. व्याह्यांच्या नाकातून साके आली.

मला वाटायचं, तो हौदात डोळे मिटून गातो आणि आत कोण काय चिरतंय याचा त्याला पत्ता नसतो.

मुळा संपला होता.

तुमचं जहाज परत पाठवत नाही, मांजर उठायला तयार नाही. तबकडी पुन्हा ओबीत बांधली. रोज लावणार नाही. पुढच्या महिन्यात लोणची घालायची आहेत, साठ मुळे चिरायचेत. एखाददुसऱ्याला लावीन.

लोभ आहे तेवढा पुरे आहे. वाढवायला म्हणून काही पाठवू नका.

तुमची वहिनी
हात्सुए