नसलेलं शिखर

४ मे, बेंबळी
लाइट गेली. लॅपटॉप चाळीस टक्क्यांवर. आज इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा पूर्ण नकाशा मोजून होईल म्हटलं होतं — कसलं काय!

गेल्या वर्षी आईच्या ऑपरेशनला आले, तेव्हाही हीच रड. म्हणून अर्धाच नकाशा मोजला आणि उरलेला अर्धा आरशात धरल्यासारखा उमटवला. त्यावर पेपरही छापून आला. आता प्रबंधासाठी अख्खा मोजतेय, एवढंच.

५ मे
आईनं विचारलं, "ते इलेक्ट्रॉन करत्यात तरी काय गं?"

म्हटलं, गोरोबामामांची मेंढरं बघ. एकटं मेंढरू बघून काही कळत नाही, अख्खा कळप कसा हलतो ते बघावं लागतं. माझा पदार्थ अणूएवढाच जाड, त्यामुळं कळपाला वर-खाली जायला जागाच नाही. त्यात प्रत्येक इलेक्ट्रॉनला फिरकी, आणि ती त्याच्या चालीशी बांधलेली. उजवीकडं जाणाऱ्याची वर, डावीकडं जाणाऱ्याची खाली. एका ठरावीक ऊर्जेला सगळे मिळून डोलतात, आलेखात तिथं शिखर येतं. ते मी शोधलं. पेपरवर पहिलं नाव माझं!

"मग मेंढरंच वळायची की, इतकं शिकून!" आई म्हणाली. दोघी हसलो.

८ मे
अख्खा नकाशा झाला. शिखर नाही.

९ मे
चूक सापडली.

अर्धा नकाशा उलटवताना दिशा उलटवली, फिरकी उलटवायची राहिली. एक ओळ! डावीकडं जाणारेसुद्धा वरच्याच फिरकीचे झाले. असले इलेक्ट्रॉन या पदार्थात नाहीतच. आणि दुसऱ्यांच्या सहा पेपरांत माझा दाखला आहे.

प्रतीक्षाचं काय? तामलवाडीची, हॉस्टेलात माझ्याच खोलीत होती. माझ्या गाइड सरांच्याच प्रयोगशाळेत आठ महिने ती तेच शिखर प्रत्यक्ष प्रयोगात शोधतेय.

१० मे
सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले — "प्रतीक्षाचं मोजमाप येऊ दे. तोवर कुणाशी बोलू नकोस."

मी "हो सर" म्हटलं. का म्हटलं?

१३ मे
प्रतीक्षाचा फोन. "संघे, रेषा सपाटच येतीय गं. सर म्हणत्यात, तुझा हातच नीट न्हाय." तिची फेलोशिप जुलैपर्यंतच. घरी स्थळं बघायला लागलेत. "तुझं गणित चुकायचं न्हाय. माझंच कायतरी चुकतंय."

तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं. भित्री मेली मी! ती स्वतःच्या हातांना दोष देतेय आणि मी नुसती हूं हूं करतेय.

१४ मे
प्रतीक्षाला मेल लिहिते, पुसते. बाबा बघत होते. "चुकलं आसंल तर सांगून टाकावं बाई," एवढंच म्हणाले. मी तर त्यांना काही बोललेसुद्धा नव्हते. चेहऱ्यावर दिसत असेल.

१६ मे
लिहिलं एकदाचं. अर्धा नकाशा, फिरकी, सरांचं "कुणाशी बोलू नकोस" — सगळं. प्रतीक्षा तोंड बघणार नाही माझं. न का बघेना. उद्या सकाळी एकदा वाचून पाठवते.

१७ मे
मी पाठवायच्या आधी तिचाच मेल आला. शिखर सापडलं तिला. अगदी मी चुकून काढलं होतं त्याच जागी. चार दिवसांपूर्वी तिथं रेषा सपाट होती. खाली सरांची एक ओळ — "दोघींचं अभिनंदन."