उत्तर येईपर्यंत

ऑर्फर्ड, रविवार सायंकाळ

प्रिय हिलरी,

आपल्या नौकाविहार मंडळाच्या सातही शिडाच्या होड्या आज नदीच्या मुखापर्यंत जाऊन सुखरूप परतल्या. आपली होडी विकण्यापूर्वीची ही माझी शेवटची सफर, असे मी सर्वांना कळवले होते. तू हे जग सोडून गेल्यापासून रिकाम्या असलेल्या तुझ्या जागेवर कोणालाही बसवू नये, अशी विनंतीही केली होती.

परतताना वारा समोरून होता. त्यामुळे नागमोडी जात दर काही मिनिटांनी होडी वळवावी लागत होती. पहिल्याच वळणाला मी सवयीने विचारले, "तयार?" आणि शिडाची दोरी सांभाळणारा "तयार" म्हणाल्याशिवाय वळायचे नाही, या नियमाप्रमाणे उत्तराची वाट पाहत राहिलो. तू नेहमी हातातले बिस्कीट संपवूनच "तयार" म्हणायचीस, म्हणून उशीर मला खटकला नाही. चिखलाचा काठ जवळ येत होता. तुझे उत्तर येणार नाही हे मला ठाऊक होते. तरीही उत्तराविना सुकाणू वळवणे मला जमेना.

मागच्या होडीतून डेस्मंड प्राइक ओरडला, "अहो ऑब्री, चिखलात चहा मांडायचाय का?"

"गप बस, डेस्मंड!" त्याची पत्नी नेस्टा म्हणाली. मग तोंडाशी हात धरून तिनेच हाक घातली, "तयार!"

मी होडी वळवली. पुढच्या अकरा वळणांना मी विचारत गेलो आणि दर वेळी कोणत्या ना कोणत्या होडीतून उत्तर आले. शेवटचे डेस्मंडचे होते. तोंडात बिस्कीट असल्यामुळे ते जरा उशिरा आले.

होडी विकण्याचा विचार मी तूर्त स्थगित केला आहे. हे पत्र तिच्यातल्या बिस्किटांच्या डब्यात ठेवतो.

सुकाणूवरचा, तुझाच
ऑब्री