आप्पासाहेबांकडचं केळवण आणि गोल टेबलाचं गणित

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
शुक्रवार, पहिल्या पाळीहून आल्यावर

तीर्थरूप राजकुमार दाजींच्या चरणी त्यांच्या एकुलत्या एक मेहुण्याचा, म्हणजे सुदर्शनचा, घाबरत घाबरत नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? अक्काची शुगर आटोक्यात आहे का, अन् ती अजून चोरून गूळ खाती का? म्हैस व्याली का? कन्नडला ऊसतोड जोरात असंल, तुम्ही कामाच्या गडबडीत असाल, अन् त्यात हे पत्र बघून तुम्हाला वाटंल की पोराचा फोन बंद पडला का काय. फोन चालू आहे दाजी. पण तुम्ही फोन कायम स्पीकरवर ठेवता (कान चांगले असून ठेवता), अन् मागं मी तुम्हाला एक खाजगी दुखणं सांगितलं, तर दुसऱ्याच दिवशी तुमच्या शेजारच्या गोजरबाईंनी मला त्यावर काढा पाठवला. म्हणून हे पत्र कन्नडच्या जीपवाल्याच्या हाती देतोय. कृपा करून मनातल्या मनात वाचा. तुम्हाला पेपर बी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायची सवय आहे, हे मला माहीत आहे.

माझी तब्येत विचाराल तर साखरपुड्यापासून मला अन्न गोड लागंना. शर्ट ढगळ झालेत. कंपनीतले लोक म्हणतात, लग्नाचं तेज चढलंय. कशाचं तेज अन् कशाचं काय! ती भीती आहे दाजी, निव्वळ भीती, अन् ती तुम्ही लावलेली आहे. करमाडला मुलगी बघायला गेलो तो दिवस आठवा. सायली पोह्यांच्या बशा ठेवून समोर बसली होती, मी चटईच्या काड्या बघत होतो, अन् तिचे मामा आप्पासाहेब (कॉलेजात गणित शिकवून रिटायर झालेले, चष्म्याच्या वरून बघतात ते) यांनी तुम्हाला सहज विचारलं की नवरदेवाला आवड कशाची. क्रिकेट म्हणायचं होतं. झोपायची आवड आहे म्हणला असता तरी चाललं असतं, ते खरं तरी होतं. पण मुलगी स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे हे तुमच्या कानावर आलेलं, अन् तोंडात पोह्यांचा घास असताना तुम्ही म्हणालात, “आमच्या सुदर्शनला गणिताचं लई याड. गणित सोडवल्याबिगर झोप लागत नाय ह्याला.” अहो, डिप्लोमाला माझं गणित किती वेळा राहिलं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? निकाल लागला की मला बाजारात नेऊन भजी कोण खाऊ घालायचं? मी तुमच्या मांडीला चिमटा काढला, तर तुम्हाला वाटलं मी शाबासकी दिली, अन् तुम्ही आणखी चढलात. म्हणालात, कुणाचं बी गणित अडलं की ह्याच्याकडं पाठवा. आप्पासाहेब चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले.

अन् त्या लोकांनी खरंच पाठवली की गणितं! साखरपुडा झाला, नंबर दिले-घेतले, अन् दुसऱ्या दिवशी सायलीचा पहिला मेसेज आला. मला वाटलं, गुलाबाचं फूल असंल. उघडून बघतो तर वहीच्या पानाचा फोटो. एक मशीन बोल्ट बनवतं, शंभरात दोन खराब निघतात, त्यातले दहा न बघता उचलले तर एकही खराब नसण्याची शक्यता किती? बोल्ट म्हणल्यावर मला जरा धीर आला, कारण शेंद्र्याच्या कंपनीत स्टोअरला मी दिवसभर तेच मोजतो. मी लिहिलं की बोल्ट कुणाच्या पाळीत बनले त्यावर आहे, तिसऱ्या पाळीचे असतील तर शक्यताच सोडा. अन् न बघता कशाला उचलायचे, माणसानं बघून उचलावेत. तिनं हसण्याचं चिन्ह पाठवलं. एकच. हे हसणं कौतुकाचं आहे का कीव आल्याचं, याचा विचार करत मी डबा तसाच परत नेला.

मग मी मोबाईलमध्ये एक ॲप घेतलं. गणिताचा फोटो काढायचा, ते सोडवून देतं, आपण कागदावर आपल्या अक्षरात उतरवायचं अन् कागदाचा फोटो तिला पाठवायचा. काही दिवस बरे गेले. पण एकदा तिचा मेसेज आला, “तिसरी ओळ कशी आली?” मला पहिली ओळ कशी आली हेच माहीत नव्हतं! मी लिहिलं, साहेब आले, नंतर सांगतो. पुढच्या वेळी लाईट गेली. त्याच्या पुढं गाडी पंक्चर, मग परत लाईट. शेवटी तिनं काळजीनं विचारलं की तुमची कंपनी चालू आहे ना? आता तुम्ही म्हणाल, एवढं भ्यायचं होतं तर पोरीला सरळ सांगून टाकायचं. तेच तर होत नाय ना! मला ती लई आवडते. प्रत्येक गणिताखाली ती बारीक अक्षरात लिहिते, ‘दमला असाल तर उद्या चालेल.’ मला आजवर असं कुणी म्हणलेलं नाय, सुपरवायझर तर सोडाच. आवडत नसती तर मी कधीच सांगून मोकळा झालो असतो. आता सांगितलं अन् तिच्या घरच्यांनी सुपारी परत पाठवली तर मी काय करू?

त्यात तिनं मधे एकदा शून्य परिकल्पनेचं गणित पाठवलं. (घाबरू नका, मला जेवढं कळलं तेवढंच सांगतो.) या स्टॅटिस्टिक्समध्ये म्हणे आधी धरून चालायचं की समोरच्याचं सांगणं खरं आहे. मग पुरावा गोळा करायचा. पुरावा फारच विरोधात गेला तर धरलेलं सोडून द्यायचं, अन् त्याला म्हणतात परिकल्पना नाकारणे. मी ते वाचलं अन् कॉटवर बसलो. दाजी, ती परिकल्पना म्हणजे मीच की! ‘नवरदेवाला गणित येतं’ असं त्या लोकांनी धरलेलं आहे अन् सगळे मिळून पुरावा गोळा करायला लागलेत.

कारण आता केळवणं सुरू झाली ना! आपल्याकडं केळवणाला काय करतात? जेवू घालतात, टोपी-टॉवेल देतात, ओवाळतात अन् जा म्हणतात. हे लोक टोपी-टॉवेल देतात अन् वर पुस्तक पुढ्यात ठेवतात. परवा करमाडला सायलीच्या आत्याकडं, द्वारकाबाईंकडं होतो. पुरणपोळीवर तूप ओतून ओतून त्यांनी मला हालता येईना असं केलं, अन् मग त्यांची मोनिका (ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे) वही घेऊन आली. उद्या द्यायचा गृहपाठ होता. आठ पाहुणे गोल टेबलाभोवती बसवायचे, त्यातल्या दोघांना एकमेकांशेजारी बसायचं नाय, तर किती प्रकारे बसवता येतील? खिशात मोबाईल होता, पण सगळं घर माझ्या तोंडाकडं बघत होतं. अन् मला कसं कोण जाणे, आपल्या घरच्या पंगती आठवल्या. मी म्हणलो, एकाच प्रकारे! मोनिका म्हणली, कसं काय? मी म्हणलो, बघ, ज्या दोघांचं पटत नाय त्यातला एक जावई असणार, त्याला पहिला पाट द्यावा लागतो, नायतर तो उठून जातो. दुसरा असणार चुलता, तो बापाशेजारी बसतो. म्हाताऱ्या माणसाला भिंत लागते टेकायला. लहान पोरं वाढणाऱ्याच्या हाताशी. राहिलेल्यांना घरातली थोरली बाई सांगंल तिथं बसावं लागतं, अन् तिच्यापुढं कुणाची टाप आहे दुसरा प्रकार काढायची?

मोनिकानं पुस्तक उलटलं. पुस्तकात मागं उत्तर होतं तीन हजार सहाशे. मी मनात म्हणलं, संपलं. पण द्वारकाबाई गरजल्या, “अगं बरोबर हाय की! तीन हजार येळा उठ-बस केल्यावर जेवणार कधी मान्सं?” अन् त्या पोरीनं ते, जावयाच्या पाटासकट, जसंच्या तसं वहीत लिहून दुसऱ्या दिवशी कॉलेजात दिलं हो! तिचे सर निघाले आप्पासाहेबांचे जुने विद्यार्थी. त्यांनी फोन करून आप्पासाहेबांना सगळं वाचून दाखवलं. अन् काल मला आप्पासाहेबांचा फोन आला. आवाज एकदम थंड. म्हणाले, “रविवारी केळवणाला या. जेवण झाल्यावर आपण दोघं थोडं बसू.”

थोडं बसू! दाजी, हे दोन शब्द कालपासून डोक्यातून जाईनात. वर म्हणाले की पाटी-खडू घरातच आहे. रिटायर माणसाला घरात पाटी-खडू कशाला लागतो? माझ्या डोळ्यांपुढं दिसतंय, पाटीवर काहीतरी लिहून ते खडू माझ्या हातात देतायत, दारात सायली उभी आहे, अन् मी खडूकडं बघतोय. त्याच्या पुढचं दिसत नाय.

तरी माझी एवढीच विनंती आहे की तुम्ही आप्पासाहेबांना फोन करून (स्पीकर बंद करून) सांगावं की सुदर्शनला कांजिण्या निघाल्यात. रविवार टळला की लग्नाचीच धांदल सुरू होईल, मग कोण गणित विचारतंय. अक्काला नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहे तो असाच राहू द्या, पण माझ्याविषयी कुणाला चांगलं काही सांगू नका.

तुमचा,
सुदर्शन

ता. क. : कांजिण्यांचं राहू द्या. लहानपणी येऊन गेल्यात हे अक्कानंच साखरपुड्याला सायलीच्या आईला सांगितलंय. खरं म्हणजे हे सगळं पत्र मी एकाच गोष्टीसाठी लिहिलं अन् तीच लिहायचं धाडस होत नव्हतं. तुम्ही रविवारी या, अन् तुम्हीच आप्पासाहेबांना सांगा की याला गणित येत नाय. बोललात तुम्ही, निस्तरा बी तुम्हीच. मी तुमच्या पाठीमागं उभा राहतो.

ता. क. दुसरा : शनिवार. जीप भरल्याशिवाय हलत नाय, म्हणून पाकीट फोडून बॉनेटवर ठेवून लिहितोय. आज पाळी सुटली तर गेटवर सायली उभी. कॉलेजातून करमाडला जाताना मधेच शेंद्र्याला उतरली होती. ती म्हणाली, त्या ॲपवरून आमचा अर्धा वर्ग उतरवतो, तुमच्या दुसऱ्याच गणिताला मला कळलं होतं. मला वाटलं, आता ही अंगठी काढून हातात देते. मी कसंबसं विचारलं, मग रोज गणितं कशाला पाठवत होता तुम्ही? त्यावर ती खाली बघायला लागली. म्हणाली, “मला काय लिहावं तेच सुचायचं नाही. जेवलात का विचारलं तर तुम्ही हो म्हणणार, मग पुढं काय? गणित पाठवलं की तुमचं उत्तर यायला उशीर लागायचा, तेवढा वेळ वाट बघता यायची.” दाजी, इतके दिवस मी एकटाच भीत होतो असं धरून चाललो होतो. तिनं एकच अट घातली. मामांना सांगायचं ते मीच, माझ्या तोंडानं, जेवायच्या आधी. दाजींनी नाही, अन् तिनंही नाही. मी हो म्हणलो. तेव्हा तुम्ही येऊ नका. एवढं एक काम मला पुरुषासारखं एकट्याला करू द्या.

ता. क. तिसरा : जीप भरली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. दाजी, या तुम्ही. काही बोलू नका, नुसतं शेजारी बसा. लई भ्या वाटतंय.