अकरा पावलांवर वळण

ता. ४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आजीचे अ. उ. आ.

पत्रास कारण की, चौथीत शाळा सोडलेली तुझी आजी आता थेट संशोधनात गेली आहे. हसू नकोस. आमच्या हृदयाच्या दवाखान्यात, झटका येऊन गेलेल्या दोनशे माणसांना एकेक घड्याळ दिलंय. ते वेळ सांगत नाही, पावलं मोजतं. महिन्याच्या महिन्याला एक नर्सबाई त्यातला आकडा उतरवून घेते. वर्षभराने बघणार, चालून कोण सुधारलं आणि बसून राहून कोण परत खाटेवर आलं. तूही तिकडे परगावी असलेच आकडे मांडतेस ना, म्हणजे आपण दोघी एकाच धंद्यात. फरक एवढाच की तुला पगार आहे आणि मला घड्याळ.

पहिल्याच महिन्यात माझी रोजची साडेतीन हजार पावलं भरली. नर्सबाईने घड्याळ दोनदा आपटून पाहिलं. ही बाई चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधते, तेव्हा आधी मला वाटलं तिचीच चूक असेल. पण नाही, माझ्या वयाची बाकी मंडळी म्हणे हजारातच धापा टाकतात. तिने विचारलं की बाहेर किती चालता. मी सांगितलं, भरपूर. आता हे काही खोटं नाही. स्वयंपाकघराच्या बाहेरच चालते की.

तुझे आईबाबा आठला जातात ते सहाला येतात. मधले दहा तास राज्य माझं. खिडकीपासून न्हाणीघराच्या दारापर्यंत जायचं, परत यायचं. वाटेत खुर्ची येते तिला वळसा, तुझ्या आईचं शिलाई मशीन येतं त्याला हात टेकवून पुढे. रेडिओवर गाणं लागलं की पाय आपसूक ठेका धरतात. न्हाणीघराच्या नळाचं गळणं परत सुरू झालंय, तुझे बाबा रविवारी बघतो म्हणतात. कुठला रविवार ते सांगत नाहीत.

हे पत्र पोस्टात कसं पडलं विचारशील. चौथ्या मजल्यावरून दोरीला पिशवी बांधून सोडते. खालचा इस्त्रीवाला पत्र काढून घेतो आणि पिशवीत कधी पेपर ठेवतो, कधी दोन लिंबं. त्याला वाटतं म्हातारी जिन्याचा आळस करते. वाटू दे. आणि फोनवर का नाही सांगत म्हणशील, तर फोन करताना तुझे बाबा शेजारी बसलेले असतात. त्यांच्यासमोर बढाया मारायला मजा येत नाही.

वेळेवर जेव. माया आहे तेवढी राहू दे, कमी झाली की मला पायांत कळतं.

तुझी,
आजी


ता. १३ फेब्रुवारी

ती. आजीस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी शेजारच्या टेबलावरच्या दोघींना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलंय की तू आमच्याकडे कामाला येशील का.

आमचं काम तुला वाटतं तसं ऐटीचं नाही ग. तीन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा आणि समोर नुसते रकाने. माणसं आमच्यापर्यंत येत नाहीत, त्यांचे नंबर येतात. कोणाचा रक्तदाब किती, कोण पुन्हा दाखल झालं, कोण आता फोन उचलत नाही. तो शेवटचा रकाना भरायला मी टाळाटाळ करते. आमचे साहेब ओरडतात.

पण तुझ्या कामाची एक गोष्ट सांगते. आमच्याकडच्या आकड्यांत असं दिसतंय की झटक्यानंतर जी माणसं घराबाहेर पडायला लागली, ती पुन्हा कमी वेळा दाखल झाली. नुसती पावलं मोजून ते कळत नाही. चार लोकांत जाणं, भाजी घासाघीस करून आणणं, असलं काहीतरी त्यात असावं. साहेबांना अजून छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून विचारते, तू चालतेस कुठे? मागच्या बागेत का? बरोबर कोण असतं? बाकावर बसून कोणाकोणाच्या चहाड्या करतेस ते सविस्तर लिही, म्हणजे मी माझं संशोधन करीन.

आईबाबांना नमस्कार. रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझी,
भिंगरी


ता. २ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

काल दवाखान्यात माझी परीक्षा झाली. तुझी आई घेऊन गेली होती, एक हात माझ्या दंडाला आणि दुसरा कठड्याला, असं आम्ही दोघी चार जिने उतरलो. परीक्षा अशी की एका लांबलचक बोळात, ह्या टोकाला एक आणि त्या टोकाला एक असे नारिंगी शंकू ठेवलेले. सहा मिनिटं चालायचं. शंकूपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. किती अंतर कापलं ते लिहून घेतात. मला काय, माझा तर रोजचा रियाज.

पण झाली गंमत. मी निघाले ऐटीत, आणि मध्येच गर्रकन वळून परत आले. नर्सबाई म्हणाली, आजी, शंकूपर्यंत जायचंय. मी म्हटलं बरं. परत निघाले, परत मध्येच वळले. तिसऱ्यांदा तिने पुढे उभं राहून हात हलवला, गाईला हाकतात तसा, तरी पाय वळलेच. मग तिने मोजलं. बरोबर अकरा पावलं टाकते आणि वळते. खिडकीपासून न्हाणीघराचं दार अकरा पावलांवर आहे ना. डोक्याला कळत होतं की बोळ पुढे आहे, पायांना पटत नव्हतं. बाकावर बसलेले सगळे हसले. मीपण हसले. तुझी आई तेवढी जमिनीकडे बघत होती.

एक तरुण डॉक्टर होता, तो हसला नाही. त्याने विचारलं तुमचं घर केवढं आहे. मी सांगितलं, राजवाडा आहे, पहारासुद्धा आहे.

आता तू बागेचं विचारलंस म्हणून सांगते. बागेत मी गेल्या जुलैपासून गेलेली नाही. दाराला बाहेरून कुलूप असतं. तुझे बाबा जाताना लावतात, दोनदा ओढून बघतात, आणि दारातून मला ऐकू येईल असं म्हणतात की आई, येतो हं. त्यांना बोल लावू नकोस. झटका आला तेव्हा मी दुसऱ्या मजल्यावर जिन्यात पडले होते आणि अर्धा तास कोणी आलं नव्हतं, ते त्यांच्या मनातून जात नाही. पहिले काही दिवस मी दाराशी बसायची, जिन्यात कोणाचे पाय वाजतात ते ऐकत. मग घड्याळ आलं आणि काम मिळालं. खरंच सांगते, मी आनंदात आहे. फक्त नर्सबाईला भरपूर म्हणाले ते तिच्या रकान्यात चुकीचं पडलं असेल तर तेवढं तिला खोडायला कळव. माझ्यामुळे दुसऱ्या कोणाच्या औषधपाण्याचा हिशेब चुकायला नको.

नळ अजून गळतोय. मला विसरू नकोस, मी तुला विसरायचं ठरवलं तरी जमणार नाही.

तुझी,
आजी


ता. ९ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आजीच्या दाराला कुलूप असतं हे मला परवाच्या पत्रातून कळलं. तुम्हाला काही बोलण्याआधी माझंच सांगते. जुलैत मीच तुम्हाला फोनवर बजावलं होतं की आजीला एकटीला जिना उतरू देऊ नका. महिनाभर, असं म्हणाले होते. तो महिना संपला, मग मी विचारलंच नाही. तुम्ही शब्द पाळलात आणि मी विसरले. शेकडो अनोळखी माणसं बाहेर पडतात की नाही याची मी रोज चौकशी करते, बाबा. आणि माझी आजी अकरा पावलांवर वळते.

दवाखान्यातल्या बाईंना खरं काय ते मी कळवलं आहे. त्यांच्या डॉक्टरांचं म्हणणं आहे की आजीने जिना हळूहळू उतरायला काहीच हरकत नाही. किल्ली तिच्याजवळ द्या. एवढं माझ्यासाठी करा. राग आला तर माझ्यावर काढा, तिच्यावर नको.

तुमची,
भिंगरी


ता. १५ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझं पत्र मिळालं. किल्ली काल आईच्या हातात दिली. तिने ती पदराला बांधली आणि लगेच नळाचं विचारलं.

तुला वाटत असेल मी कठोर आहे. जिन्यात ती मला सापडली तेव्हा तिला वाटलं मी तिचा भाऊ आहे. मला त्याच्या नावाने हाक मारत होती. तो जाऊन वीस वर्षं झाली. त्या दिवसापासून छापखान्यात मशीनवर उभा असलो तरी माझं अर्धं डोकं त्या जिन्यात असतं. कुलूप लावलं की आठ तास काम होतं, एवढंच.

पुढच्या आठवड्यापासून रोज कामावर जायच्या आधी मी स्वतः तिला बागेत नेऊन आणणार. एकटी जायचं नाही, ही माझी अट आहे.

बाबा


ता. २७ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

गेल्या रविवारचं आधी लिहिते. मी बागेत गेले. इस्त्रीवाल्याने मला खाली पाहिलं आणि हातातली इस्त्री तशीच ठेवून दिली, कोणाच्या तरी बाहीवर डाग पडला असणार. त्याने विचारलं की पिशवी कुठे आहे. मी म्हटलं, पिशवीच खाली आलीय. बाकावर तासभर बसले. चहाड्या करायला कोणी ओळखीचं नव्हतं, म्हणून अनोळखी माणसांबद्दल तुझ्या बाबांशी बोलले.

आता मुद्द्याचं. हे पत्र फक्त तुझ्यासाठी, आईलाही फोनवर काही बोलू नकोस.

परत येताना दुसऱ्या मजल्यावर तुझे बाबा चपलेचा पट्टा नीट करायला वाकले. तिसऱ्यावर पुन्हा. सोमवारी खिशात किल्ली शोधत उभे राहिले, आणि किल्ली तर माझ्या पदराला. मंगळवारी त्यांनी मला भिंतीवरची नवी पाटी वाचून दाखवली, तीन ओळींची, एकेक शब्द सुटा सुटा. कपाळाला घाम. हे मला कोणी शिकवायला नको, बाई. जुलैच्या आधी दोन महिने दम लपवायला मी असेच पट्टे बांधत होते. चप्पल तर माझी बिनपट्ट्याची होती.

मग मी सहज म्हणून तुझ्या आईला विचारलं. ती म्हणाली, हल्ली दोन उशा घेतात, मान दुखते म्हणतात. मान माझीही दुखायची, सपाट झोपलं की श्वास पुरायचा नाही.

सरळ सांगावं तर हा माणूस ऐकायचा नाही. माझ्यासाठी दाराला बाहेरून कुलूप लावलं, स्वतःसाठी आतून लावून बसेल. म्हणून मी वेगळी युक्ती केली. येत्या मंगळवारी माझी दवाखान्याची तारीख आहे. मी सांगितलं, त्या बोळात मला आता भीती वाटते, सून नको, मुलगाच हवा. त्यांना काय बरं वाटलं म्हणून सांगू. लगेच रजा टाकली. त्या न हसणाऱ्या डॉक्टरला नर्सबाईकडून निरोप गेलाय की माझ्याबरोबर येणाऱ्यालाच आधी तपासा. ते काय करतील ते त्यांनाच ठाऊक, पण वेळेवर गेलेली माणसं माझ्यासारखी सुधारतात.

तोवर बुधवारपासून मी बागेत गेलेली नाही. मी निघाले की ते मागे येतात, आणि वर चढायचे चार जिने त्यांच्या वाट्याला येतात. गुडघा धरलाय असं सांगितलंय. किल्ली पदराला आहे आणि मी खिडकीशी. दार उघडून उंबऱ्यात खुर्ची टाकून बसते तेवढीच. ह्या आठवड्यात माझी पावलं कमी दिसतील, नर्सबाई रकान्यात तसंच लिहील, पण घाबरू नकोस.

मंगळवारी जिन्यात मी प्रत्येक मजल्यावर बसणार आहे. मला दम लागला असं म्हणणार, आणि त्यांचा हात धरून त्यांनाही शेजारी बसवून ठेवणार. ते मला सावकाश, सावकाश म्हणत राहतील.

काय झालं ते कळवीन. तुझी माया आता इकडे दोघांना पुरव.

तुझी,
आजी