हळदीच्या आधी दिपालीला सांगायचं ते

३ नोव्हेंबर, सोमवार

आन वर मलाच इचारती, "मावशी, शिक्षण किती?" चाळीस प्रश्नांचा कागद, आन पहिला प्रश्न हा. चौथी. मग? माझ्या हाताखाली आठ बायका कडक भाकऱ्या थापत्यात, भाकरी पार पुण्यापर्यंत जाती. कागदावर त्याला रकाना न्हाय.

ही शुभदा. विद्यापीठात पीएचडी करती. विषय काय, तर नवरा-बायकोतलं ते, आन त्याबद्दल जगातल्या विद्वानांनी काय काय म्हणून ठेवलंय. भीड न्हाय, लाज न्हाय, चष्मा तेवढा हाय. आमच्या सोलापूरच्या शुक्रवार पेठेत दारोदार इचारत हिंडती, लग्नाआधी लेकीला काय सांगता म्हणून. मी म्हटलं, सगळं सांगते. खूश झाली. ही वही दिली. रोज मनातलं लिहा आन शेवटी मला द्या, म्हणाली. लिहिणार. देणार न्हाय. माझ्या अकलेवर हिची डिग्री व्हायची.

आता दिपालीला अजून काय सांगितलेलं न्हाय, ही गोष्ट खरी. पण सांगणार. माझ्या आईनं मला मांडवातनं निघताना एवढंच सांगितलं होतं, "गप राहा." कशाबद्दल ते बी सांगितलं न्हाय. माझ्या लेकीचं तसं होऊ देणार न्हाय. लग्न तेवीसला हाय. वीस दिवस म्हणजे लई झाले. उद्याच सांगून मोकळी होते.

४ नोव्हेंबर

आज जमलं न्हाय. शुभदानं दुपार खाल्ली. जुन्या काळचे ग्रीस देशातले वैद्य म्हणायचे म्हणे, बाईचं गर्भाशय अंगात हिंडतं, म्हणून बाई बिघडती. म्हटलं, माझं सगळं जागच्या जागी हाय, मी बिघडले ती नवऱ्यामुळं. तिनं लिहून घेतलं.

विलायतेत एका डॉक्टरानं लिहिलं, चांगल्या घरच्या बायकांना तसली इच्छा फारशी नसतीच. भाकरी न खाता पिठाला नावं ठेवायची. अमेरिकेत एक प्रोफेसर आधी गांधीलमाश्यांच्या जातीचे किडे गोळा करायचा. मग माणसं धरली. हजारो लोकांना समोर बसवून इचारलं, काय करता, कवा करता. किडे बरे, उलट बोलत न्हाईत.

माझं ठाम मत झालं. विद्वान सगळं बघतात, पण लांबनं. मी जवळनं सांगणार. उद्या.

६ नोव्हेंबर, रात्री जेवणं झाल्यावर

दिपालीची डबल ड्यूटी होती. ती दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स हाय. बायका म्हणत्यात, राजाक्का, तिला काय सांगायचं राहिलंय? अक्कल न्हाय बायकांना. तितं सगळं झाल्यावरचं येतं. आधीचं तिला कोण सांगणार? भोळी पोर हाय माझी.

आली ती बूट काढून तशीच आडवी झाली. झोपल्या माणसाला ज्ञान देऊ नये.

८ नोव्हेंबर, शनिवार

चांगली बातमी. हे आईचं काम न्हायच मुळी. आफ्रिकेत युगांडा म्हणून देश हाय, तितं नवरीला आत्या शिकवती. सगळं. लाजायचं काम न्हाय. लगेच माढ्याला फोन लावला, नणंदेला, मीनाबाईला. म्हटलं, दिपालीला दोन शब्द सांगायचं काम तुमचं, जगभर तशी पद्धत हाय. मीनाबाई म्हणाली, मला कुणी सांगितलं होतं का, तर मी सांगू? आन दिपालीनंच माझ्या सुनेचं बाळंतपण केलं, तिला मी काय शिकवू? शेवटी आत्याची साडी डाळिंबी रंगाची घ्या म्हणून फोन ठिवला.

शुभदाला म्हटलं, लिही, युगांडाची आत्या आन माढ्याची आत्या ह्यात फरक हाय.

११ नोव्हेंबर

मार्ग सापडला. माझ्याकडं भाकऱ्या थापणारी ईरम्मा अक्कलकोटच्या बाजूची. हळदीत कन्नडमधनं असली गाणी म्हणती की पुरुष मांडवातनं उठून जातात. व्याही, विहीण, नवरदेव, कुणाला सोडत न्हाय. शुभदानं मोबाईलवर तीन गाणी भरून घेतली. मग म्हणाली, आजी, आता हेच साध्या शब्दांत सांगा. ईरम्मानं पदर तोंडात कोंबला.

"अय्यय्यो, असलं कुणी बोलतं का?"

म्हणजे गाण्यात चालतं, बोलण्यात न्हाय. शुभदा म्हणाली, लई देशांत असंच हाय. मग मी बी गाऊनच सांगायचं ठरवलं. दुपारभर चाल बसवली. संध्याकाळी दिपाली चहा पीत होती, समोर जाऊन दोन ओळी म्हटल्या. तिनं व्हिडिओ काढला आन स्टेटसला ठिवला. होणाऱ्या जावयानं, अजिनाथनं, खाली हसरे चेहरे टाकल्यात. त्याची उजनीच्या काठाला केळी हाय, दिवसभर काम नसंल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

माझं व्याख्यान झालं. भाकरीच्या खोलीत, दुपारी तीनला. विषय, लग्नाआधी मुलीला काय सांगावं. वक्ती मी. एकवीस बायका आल्या, लग्नाची मुलगी एक बी न्हाय. ग्रीसपासनं सुरुवात केली. बायका ऐकत होत्या. दोघी झोपल्या होत्या, पण त्या नेहमी झोपत्यात.

प्रश्न शेवटी इचारा, म्हटलं. तेवढ्यात दिपाली ड्यूटीवरनं आली, अंगावर युनिफॉर्म. सगळ्या मला सोडून तिच्याभोवती. पाळी, गोळ्या, दुखणं, नवरा ऐकत न्हाय, सगळं. शेजारच्या हरिबाची म्हातारी बायको, सत्तरीची, तिनं असं काही इचारलं की मी पंखा लावायला उठले. पंखा चालूच होता. दिपालीनं तिला बी सरळ उत्तर दिलं, ताप किती हाय ते सांगावं तसं.

जाताना बायका म्हणाल्या, राजाक्का, लेक तयार केलीया. म्हटलं, व्हय.

पण ती सगळं शरीराचं बोलली. खरं सांगायचं ते राहिलंच. ते माझ्याकडं हाय.

१५ नोव्हेंबर

सांगितलं न्हाय. पत्रिका वाटायच्या होत्या.

शुभदानं तेरच्या म्युझियममधल्या देवीचा फोटो दाखवला. लज्जागौरी. उकिडवी बसलेली, पाय उघडे, डोक्याच्या जागी कमळ. ती बाळंत होतीया का दुसरंच काही, ह्यावर विद्वानांची भांडणं हायेत म्हणे. तिला इचारावं तर तोंडच ठिवलं न्हाय. मी हात जोडले.

१६ नोव्हेंबर

सांगितलं न्हाय. रविवार होता.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं. म्हणजे सुरुवात केली.

दार लावलं, दिपालीला समोर बसवलं. ती लसूण सोलत होती. मी तीन पानं लिहून काढली होती, ती वाचली. ग्रीस, विलायत, अमेरिका, युगांडा, तेर. सगळं कसं ओळीनं. सोलापूरला आल्यावर पानंच संपली.

दिपाली म्हणाली, "आई, हे सगळं मला माहितीय. तू एकच सांग. तुला कधी आवडलं का?"

म्हटलं, कुकरची शिट्टी झाली. कुकर लावलेलाच नव्हता.

ती हसली न्हाय. लसणाची ताटली बाजूला ठिवली. म्हणाली, "मी रोज बायका बघते, आई. सगळ्या सगळं सहन करून आलेल्या असतात. आवडलं म्हणणारी एक बी भेटली नाही. शनिवारी हळद आहे, त्याच्या आधी सांग. नसलं आवडलं तर तसं सांग. मी अजिनाथशी आधी बोलून घेईन, मगच हळद लावून घेईन."

१८ नोव्हेंबर

आजकालच्या पोरी उद्धट. आईला असलं इचारतात?

सकाळीच शुभदाला गाठलं. म्हटलं, बाईला आवडतं का, ह्यावर विद्वानांचं काय म्हणणं हाय, लवकर सांग, भाकऱ्या राहिल्यात. तिनं लॅपटॉप उघडला, परत मिटला. म्हणाली, मावशी, बाकीच्या बायकांचं सांगता येईल. तुमचं तुम्हालाच माहीत. मी म्हणते, मग एवढं शिकली कशाला?

दुपारी भट्टीपुढं बसून आठवायला लागले. एकतीस वर्षं झाली. दोन लेकरं. भाकरी तव्यावर पडली की आवाजावरनं मला कळतं, जमणार का चिरणार. हे काही आठवंना. म्हणजे ते आठवतं. त्यात मी कुटं होते, ते आठवंना. उद्याच्या भाकऱ्यांची पिठं, पाण्याची वेळ, पोरांचे कपडे, हेच आठवतं.

नीट आठवलं की सांगते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

एवढी सोपी गोष्ट सुचली न्हवती. घरात दुसरा माणूस हाय की. तो बी तितंच होता.

आमचे मालक तीस वर्षं चादरीच्या लूमवर होते, त्या खडखडाटानं कान गेलेत. हळू इचारलं. काय, म्हणाले. जरा मोठ्यानं इचारलं. काय, म्हणाले. मग पोटातनं आवाज काढला.

"मला आवडत होतं का?"

बाहेरच्या खोलीत भाकऱ्यांची थापथाप बंद पडली. आठही बायकांची. मालकांनी टीव्ही बंद केला, आपण होऊन, लग्न झाल्यापासनं पहिल्यांदा. मान खाजवली.

"इचारून सांगतो," म्हणाले, आन चपला घालून बाहेर गेले.

कुणाला इचारणार, हे मी इचारलं न्हाय. चौकात सगळे पुरुषच बसलेले असतात.

२० नोव्हेंबर, गुरुवार, सकाळ

रात्री उशिरा आले, जेवले, झोपले. सकाळी चहा पिताना माझ्याकडं बघंनात. दिपाली दोघांकडं बघत होती. जाताना दारात थांबली, कॅलेंडरातल्या शनिवारावर बोट ठिवलं आन गेली. ते बोट मला सोसंना.

आता बोलून उपयोग न्हाय, पेठ ऐकती. हे पान फाडून मालकांच्या चष्म्याखाली ठेवते.

श्री. सिद्राम यांस,

कालचा प्रश्न तुमाला नीट ऐकू आला हाय, मला ठावं हाय. कुणाला इचारायचं ते इचारा. मला आवडत होतं का, व्हय का न्हाय, एवढंच. तुमाला ठावं नसंल तर तसं लिहा. शनिवारी हळद हाय आन पोरगी अडून बसलीया. उद्या शुक्रवार. दिवे लागायच्या आत उत्तर पायजे.

राजाबाई